चिनी भाषिकाला इंग्रजी 'प्ले'चे अर्थ कसे समजावावेत

शब्दकोशातले सगळे अर्थ फळ्यावर ओळीने लिहून द्या, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. मी तेही करून पाहिलंय. वर्गाने निमूट उतरवून घेतलं आणि चुका होत्या तिथेच राहिल्या.

आधी चिनी क्रियापदं विद्यार्थ्यांच्याच तोंडून काढून घ्या. बास्केटबॉलला चिनीत 'ता' म्हणजे मारणं, फुटबॉलला 'थी' म्हणजे लाथ मारणं, पियानोला 'थान' म्हणजे छेडणं, व्हायोलिनला 'ला' म्हणजे ओढणं, बासरीला 'छ्वे' म्हणजे फुंकणं. हातपाय काय करतात त्यावर क्रियापद ठरतं. इंग्रजीला हातपायांशी देणंघेणं नाही, सगळ्यांना एकच प्ले, एवढं सांगितलं की हा भाग पाच मिनिटांत उरकतो. (आपणही पेटी वाजवतो, क्रिकेट खेळतो आणि पत्ते कुटतो, तेव्हा हसू नका.)

प्लेचे बाकीचे अर्थ, म्हणजे नाटकातली भूमिका करणं, गाणं लावणं: एकेक उदाहरण पुरे.

खरी गोची 'वान' या चिनी शब्दाची. प्लेचा अर्थ म्हणून विद्यार्थ्याच्या डोक्यात हाच शब्द पहिला बसलेला असतो. पण 'वान'मध्ये खेळणं येतं, तसंच भटकणं, मित्राकडे जाऊन गप्पा मारणं, सहलीला जाणं, मोबाइल चाळत बसणंही येतं. म्हणून चाळिशीचा इंजिनिअर सांगतो, 'रविवारी मी शांघायला प्ले करायला गेलो.' मी सुरुवातीला नुसतं वाक्य दुरुस्त करून द्यायचो. पुढच्या आठवड्यात तो मला घरी प्ले करायला बोलवायचा!

आता मी एकच प्रश्न विचारतो: 'काय प्ले केलंस?' बॅडमिंटन, गिटार, बुद्धिबळ असं उत्तर आलं तर शब्द ठेवायचा. 'काही नाही, जेवलो, फिरलो, फोटो काढले' असं आलं तर खोडायचा आणि 'व्हिजिट' किंवा 'हँग आउट' लिहायचं. मोबाइलवर गेम खेळला असेल तर प्ले चालेल, नुसता मोबाइल प्ले होत नाही. लहान मुलांना मात्र ही चाळणी लावू नका. ती काहीही हातात नसताना खुशाल प्ले करतात आणि इंग्रजीलाही ते चालतं.

'ता' दिसला की प्ले, असा उलटा नियम तर चुकूनही देऊ नका. चिनीत फोनही 'ता' करतात आणि थाय-ची हा संथ हालचालींचा व्यायामसुद्धा. इंग्रजीत फोनला 'कॉल' लागतं, थाय-चीला 'डू'.