थायलंडमधील बौद्ध सुट्ट्या आणि परदेशस्थांची रोजची कामे : या चुका टाळा

थायलंडमध्ये नोकरीनिमित्त किंवा निवृत्तीनंतर राहायला आलेली आपली माणसे बौद्ध सुट्ट्यांच्या दिवशी बंद दारांसमोर उभी असलेली मी इतक्या वेळा पाहिली आहेत, की प्रत्येकाला फोनवर निराळे समजावण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवावे असे वाटले. माखा बुचा (आपली माघ पौर्णिमा), विसाखा बुचा (बुद्ध पौर्णिमा), आसान्हा बुचा (आषाढ पौर्णिमा) आणि वर्षावासाचा, म्हणजे भिक्षूंनी पावसाळ्यात एका जागी राहण्याच्या काळाचा, आरंभ असलेला खाओ फान्सा, अशा चार बौद्ध सुट्ट्या इथे वर्षातून येतात. चार दिवसांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे नवा माणूस हमखास विचारतो. परंतु हे दिवस चंद्राच्या गणिताने ठरतात, शनिवार-रविवारी आले की त्यांची बदली सुट्टी सोमवारी लागते, आणि परदेशी माणसाची इथली बहुतेक महत्त्वाची कामे मुदतीशी बांधलेली असतात. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की एका दिवसाचे काम पूर्ण आठवडा खाते.

भारतीय दिनदर्शिकेवरून तारीख ठरवणे

ही चूक मराठी माणूस इतरांपेक्षा अधिक करतो, कारण त्याला पौर्णिमा ठाऊक असतात. महाराष्ट्रात बुद्ध पौर्णिमेची सार्वजनिक सुट्टी असते, आषाढ पौर्णिमा आणि वर्षावास हे अनेक घरांत श्रद्धेने पाळले जातात, आणि त्यामुळे गावाहून आणलेल्या दिनदर्शिकेतली पौर्णिमा हीच इथलीही सुट्टी, असे तो गृहीत धरतो. बहुतेक वर्षी हा अंदाज जुळतो किंवा एका दिवसाने चुकतो. २०२४ मध्ये भारतात बुद्ध पौर्णिमा २३ मे रोजी होती, तर थायलंडमध्ये विसाखा बुचा २२ मे रोजी. थाई पंचांगात २९ आणि ३० दिवसांचे महिने ठरलेल्या क्रमाने येतात, त्यामुळे आपल्या तिथीशी असा एका दिवसाचा फरक पडू शकतो. मुदतीच्या कामात हा एक दिवसही पुरेसा नडतो.

खरा घोटाळा अधिक महिन्याच्या वर्षी होतो. आपल्याकडे अधिक महिना सूर्यसंक्रांतीवरून ठरतो, त्यामुळे तो कधी ज्येष्ठाला लागतो तर कधी श्रावणाला. थाई पंचांगात मात्र जादा महिना नेहमी आठव्या महिन्यालाच जोडतात, आणि अशा वर्षी त्याच्या आधी येणारे माखा बुचा आणि विसाखा बुचा हे दिवसही एकेक महिना पुढे ढकलतात. म्हणून २०२३ मध्ये आपली बुद्ध पौर्णिमा ५ मे रोजी झाली आणि इथली विसाखा बुचा ३ जूनला आली. त्याच वर्षी गुरुपौर्णिमा ३ जुलैला होती, तर आसान्हा बुचा थेट १ ऑगस्टला. २०२६ चे वर्षही असेच आहे : माघ पौर्णिमा १ फेब्रुवारीला आणि माखा बुचा ३ मार्चला, म्हणजे आपल्या फाल्गुन पौर्णिमेला; बुद्ध पौर्णिमा १ मे रोजी आणि विसाखा बुचा ३१ मे रोजी. त्यानंतर २९ जुलैला आपली गुरुपौर्णिमा आणि इथली आसान्हा बुचा पुन्हा एका दिवशी येतात, कारण तोपर्यंत आपलाही अधिक ज्येष्ठ होऊन गेलेला असतो. हा हिशेब डोक्यात करत बसण्याची गरज नाही. नव्या वर्षाच्या आरंभी थाई सरकारची सुट्ट्यांची यादी आणि बँक ऑफ थायलंड या मध्यवर्ती बँकेने वित्तसंस्थांसाठी जाहीर केलेली यादी, अशा दोन्ही उतरवून घ्याव्यात. मी त्या दोन वेगळ्या रंगांच्या शाईने स्वयंपाकघरातल्या भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहितो. मोबाईलमध्ये आपोआप येणाऱ्या सुट्ट्यांवर मी विसंबत नाही, कारण त्यांत हे दोन रंग नसतात.

बँक आणि सरकारी कार्यालय यांची सुट्टी एकच समजणे

दोन रंग का हवेत, ते या चुकीवरून कळेल, आणि माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे. आसान्हा बुचाला सरकारी कार्यालये आणि बँका दोन्ही बंद असतात. दुसऱ्या दिवशीच्या खाओ फान्साला मात्र सरकारी कार्यालये बंद राहतात आणि बँका सुरू होतात, कारण तो दिवस बँकांच्या यादीत नसतो. याच्या अगदी उलट १ मेच्या कामगार दिनी घडते : बँका बंद, सरकारी कार्यालये सुरू. ज्या कामाला एकाच दिवशी बँकेचा आणि इमिग्रेशनचा, म्हणजे परदेशी माणसाच्या मुक्कामाची परवानगी देणाऱ्या सरकारी कार्यालयाचा, असे दोन्ही उंबरठे ओलांडावे लागतात, ते काम या दोन्ही दिवशी होत नाही.

माझ्या परिचयातील एक निवृत्त अभियंते निवृत्तांना मिळणाऱ्या मुक्कामाच्या वार्षिक मुदतवाढीवर इथे राहतात. या मुदतवाढीसाठी थाई बँकेतील ८ लाख बाथच्या ठेवीचा पुरावा, बँकेचे पत्र आणि ताज्या नोंदीचे पासबुक लागते. त्यांची मुदत सोमवार, १४ जुलै २०२५ रोजी संपत होती आणि थोरल्या भावाच्या पंचाहत्तरीसाठी शनिवारी रात्रीचे मुंबईचे विमान पकडून त्यांना पुढे कोल्हापूरला जायचे होते. बुधवारपर्यंत वेळ असूनही त्यांनी काम शुक्रवारवर ठेवले, कारण पत्र जितके ताजे तितके बरे, असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. गुरुवारी, १० तारखेला आसान्हा बुचा होती, हे त्यांना माहीत होते. शुक्रवारी सकाळी बँक उघडी दिसली, पत्र मिळाले, पासबुकात नोंद झाली, आणि सुट्टी संपली अशा समजुतीने ते टॅक्सी करून इमिग्रेशनच्या कार्यालयापर्यंत गेले. तेथे खाओ फान्सामुळे कुलूप होते.

त्यापुढचे नुकसान त्या कुलपापेक्षा मोठे होते. मुदतवाढ झाल्याशिवाय पुनर्प्रवेशाचा परवाना घेऊन उपयोग नव्हता, आणि तो परवाना न घेता देश सोडला तर वर्षाची परवानगी तिथेच संपते. त्यामुळे शनिवारचे तिकीट सोडून द्यावे लागले आणि भावाच्या पंचाहत्तरीला ते पोहोचू शकले नाहीत. सोमवारी चार दिवसांची तुंबलेली गर्दी त्या कार्यालयात लोटली होती. बऱ्याच वेळाने त्यांचा क्रमांक आला, तेव्हा अधिकाऱ्याने पासबुकातील नोंद त्याच दिवसाची हवी असे सांगितले. ते पुन्हा बँकेत गेले, खात्यात थोडी रक्कम भरून नवी नोंद करून घेतली, दुपारच्या जेवणाची सुट्टी संपेपर्यंत बाहेर बसले आणि कार्यालय बंद होण्याआधी कसाबसा शिक्का मिळवला. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाला त्या उकाड्यात असे फिरावे लागणे मला अजूनही सहन होत नाही, कारण ते पूर्णपणे टाळता येण्यासारखे होते.

माझी स्वतःची रीत अशी आहे, की मुदतीच्या किमान दोन आठवडे आधीचा, सुट्टीला न लागलेला मंगळवार किंवा बुधवार मी निवडतो. सकाळी बँक उघडताच पत्र आणि नोंद घेतो आणि तेथून सरळ इमिग्रेशनला जातो. सुट्टीनंतरचा पहिला कामाचा दिवस मी कोणत्याही सरकारी कामासाठी धरतच नाही. मुदतवाढीचा अर्ज आधी दिला तरी दिवस वाया जात नाहीत, कारण नवी मुदत जुनीच्या शेवटापासून मोजली जाते. हे सांगूनही नवी माणसे शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबतात आणि मग ‘सर्व पाहून घेतो’ म्हणणाऱ्या एजंटाकडे धावतात. खात्यात पैसे नसताना कागद उभे करून देणाऱ्या या आडवाटेला माझा ठाम विरोध आहे. अशा कागदावरचे नाव एजंटाचे नसते, तुमचे असते.

दर नव्वद दिवसांनी इमिग्रेशनला आपला पत्ता कळवावा लागतो, त्या नोंदणीत तेवढी घाई नसते. ठरलेल्या तारखेच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत ती करता येते. तरीही शेवटचे सात दिवस हा हक्काचा काळ मानू नये. जुलैत त्यांतले चार दिवस सुट्ट्यांतच जाऊ शकतात. मुक्कामाच्या मुदतीबाबत मात्र अशी कोणतीही सवलत नाही आणि प्रत्येक जादा दिवसाला ५०० बाथ दंड भरावा लागतो.

बदली सोमवार विसरणे

२०२४ मध्ये आसान्हा बुचा शनिवारी आणि खाओ फान्सा रविवारी आली, म्हणून सोमवार, २२ जुलैला बदली सुट्टी मिळाली. दोन सुट्ट्यांसाठी दोन बदली दिवस मिळत नाहीत. याखेरीज मंत्रिमंडळ मधला एखादा दिवसही जादा सुट्टी म्हणून जाहीर करते, जसा २०२५ मध्ये २ जून केला होता. म्हणून जानेवारीत लिहिलेली यादी दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा ताडून पाहावी.

मद्यविक्रीबंदीचा दिवस चुकवणे

चारही बौद्ध सुट्ट्यांना आणि वर्षावास संपतो त्या ओक फान्साला, म्हणजे वर्षातून पाच दिवस, मद्यविक्रीवर बंदी असते. ओक फान्साला सार्वजनिक सुट्टी नसल्यामुळे तो दिवस लोकांच्या ध्यानात राहत नाही. बंदी मूळ दिवशी लागू होते, बदली सोमवारी नव्हे. मे २०२५ पासून आंतरराष्ट्रीय विमानतळ, हॉटेले आणि परवानाधारक मनोरंजनस्थळे यांना सूट मिळाली आहे, परंतु दुकानातून बाटली मिळत नाही. घरी पाहुणे येणार असतील तर सामान आदल्या दिवशी आणावे, आणि गल्ला सांभाळणाऱ्या मुलीशी हुज्जत घालू नये. देशाच्या श्रद्धेचा दिवस आहे. एक दिवस थांबण्याने कोणाचे काही बिघडत नाही.

आणखी काही, थोडक्यात

प्रत्येक वान फ्रा ही सुट्टी नसते. महिन्यातून चार वेळा येणाऱ्या या उपोसथाच्या, म्हणजे बौद्ध उपासनेच्या, दिवशी कार्यालये नेहमीप्रमाणे चालतात. फक्त ताज्या बाजारातील मांसाचे काही गाळे बंद दिसतात.

मॉल, सेव्हन-इलेव्हनची दुकाने, मेट्रो आणि बसगाड्या सुरू असतात, म्हणून सर्वच सुरू असेल असा निष्कर्ष काढू नये. वाहन परवान्याचे कार्यालय आणि टपालाच्या अनेक शाखा बंद असतात. मॉलमधील बँकेची एखादी शाखा सुट्टीत उघडी असली, तरी ठेवीचे पत्र तिथे त्या दिवशी मिळेल असे समजून जाऊ नये.

भारतीय दूतावासाची यादी आणखी वेगळी असते, कारण तीत भारतातील सणही असतात. पासपोर्टच्या कामासाठी तिसऱ्या रंगाची शाई वापरावी.

सरकारी रुग्णालयांचे बाह्यरुग्ण विभाग बंद असतात आणि आपत्कालीन विभाग सुरू असतो. खाजगी रुग्णालय उघडे असले तरी आपले नेहमीचे डॉक्टर त्या दिवशी असतीलच असे नाही. रक्तदाब किंवा मधुमेहाच्या गोळ्या संपत आल्या असतील, तर २०२६ सारख्या वर्षी, जेव्हा २८ जुलैला राजाचा वाढदिवस, २९ ला आसान्हा बुचा आणि ३० ला खाओ फान्सा असे मंगळवार ते गुरुवार सलग जातात, चिठ्ठी आदल्या आठवड्यातच लिहून घ्यावी.