जुन्या नाट्यगृहाचे पुनरुज्जीवन करताना : केशवराव भोसले नाट्यगृहाच्या निमित्ताने

राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोप दौऱ्यानंतर कोल्हापुरात कुस्तीसाठी खासबाग मैदान बांधले आणि त्याला लागूनच १९१५ साली पॅलेस थिएटर उभे केले. कोल्हापूरचेच गायक-नट संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव या नाट्यगृहाला १९५७ मध्ये देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, म्हणजे त्यांच्या जयंतीच्या आदल्याच रात्री, लागलेल्या आगीत रंगमंच आणि छप्पर यांची मोठी हानी झाली. अशी वास्तू पुन्हा उभी करताना कामाचा क्रम कसा असावा, हे येथे मांडले आहे.

राडारोडा हलवण्याआधी नोंद करावी. जळालेली तुळई, वाकलेली कैची (छप्पर पेलणारा त्रिकोणी सांगाडा), कमानीचे तुकडे जेथे पडले तेथेच त्यांची छायाचित्रे व मापे घेऊन प्रत्येकावर क्रमांक टाकावा, कारण ढिगारा एकदा ट्रकमध्ये भरला की मूळ जोडकामाचा पुरावा हाती राहत नाही. जुने नकाशे आणि बांधकामाच्या नोंदी पुराभिलेखागारात शोधाव्यात. नाटक मंडळींच्या घरांतील जुन्या छायाचित्रांतूनही रंगमंचाची मापे काढता येतात.

त्यानंतर काय वाचवता येईल ते तपासावे. लोखंड न वितळताही निकामी होते, कारण सुमारे ५५० अंश सेल्सिअसला पोलादाची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. याउलट जाड लाकूड मिनिटाला साधारण ०.७ मिलिमीटर या गतीने जळत जाते आणि वरचा कोळसा आतल्या गाभ्याला काही काळ सांभाळतो, म्हणून काळी पडलेली प्रत्येक तुळई टाकाऊ समजू नये. दगडी भिंतीवर हातोडीने हलके ठोकून पाहावे. बद्द आवाज आल्यास आतला थर सुटला आहे. आग विझवताना भिंतीत मुरलेले पाणी पूर्ण सुकल्याशिवाय गिलावा करू नये. चुन्यात बांधलेल्या भिंतीला चुन्याचाच गिलावा द्यावा, कारण सिमेंटचा कठीण थर ओल आत कोंडतो. छपराचे काम जूनपूर्वी होणार नसेल, तर तात्पुरता पत्रा घालण्यात कंजुषी करू नये. कोल्हापूरचा पाऊस निविदेची वाट पाहत नाही.

मात्र भिंती जशाच्या तशा उभ्या राहिल्या तरी आवाज बिघडला, तर नाट्यगृह परत मिळाले असे मला म्हणता येणार नाही. संगीत नाटकाची परंपरा ध्वनिवर्धकापूर्वीची आहे. शेवटच्या रांगेपर्यंत पद आणि संवाद पोहोचवण्यात नटाच्या गळ्याला वास्तूचा हातभार लागत असे. निनादाचा काळ, म्हणजे आवाज थांबल्यावरही तो घुमत राहण्याचा अवधी, सभागृहाच्या घनफळावर आणि आतल्या पृष्ठभागांच्या ध्वनिशोषणावर ठरतो. छत उंचावले की तो वाढतो, जाड गालिचे आणि फोमचे पटल लावले की घटतो. नुसत्या संवादाला सुमारे १ सेकंद निनाद पुरतो, गाण्याला थोडा अधिक लागतो. म्हणून संगीत नाटकासाठी १ ते १.३ सेकंदांचे उद्दिष्ट ठेवणे योग्य ठरेल. छताची मूळ उंची आणि लाकडी तक्तपोशी (छताखालचे फळ्यांचे आच्छादन) राखावी, आणि खुर्च्यांची गादी अशी निवडावी की रिकाम्या व भरलेल्या सभागृहातील फरक कमी राहील.

अग्निसुरक्षेत जुन्याचा हट्ट धरू नये. रंगमंच आणि प्रेक्षागृह यांच्यामध्ये अग्निरोधक पडदा, रंगमंचाच्या माथ्यावर धूर बाहेर जाण्याची सोय, आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा, बाहेर उघडणारी दारे आणि प्रकाशयोजनेसाठी स्वतंत्र वीजजोडणी इतके तरी असावेच. झालरी व विंगांच्या कापडावरील अग्निरोधक प्रक्रिया धुण्याने कमी होत असल्यामुळे ती पुन्हा करून घ्यावी.

अंतिम रंगकामाआधी ध्वनिवर्धकाविना चाचणी प्रयोग ठेवावा. हार्मोनियम-तबल्यासह एक पद आणि एक वेगवान संवाद सादर करून बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत बसून ऐकावे. शब्दांचे शेवट एकमेकांत मिसळत असतील, तर मागच्या भिंतीवर जाड पडदे लावून फरक पाहावा आणि मगच तेथे कायमचे अस्तर निश्चित करावे.