वारा पडण्याआधी जमीन ओली हवी

थंडीत पीक जळतं ते बहुतेक वेळा बोचरं वारं सुटतं त्या रात्री नाही. जळतं ते पुढच्या एक-दोन रात्रींत, वारा पडल्यावर. अंगाला गारठा कमी लागतो, आभाळ स्वच्छ, चांदण्या लखलखीत. थंडी सरली असं वाटून माणूस निवांत झोपतो आणि रान कोरडं ठणठणीत पडलेलं असतं. करपलेलं रान दाखवायला कुणी नेलं की मी आधी एवढंच विचारतो: शेवटचं पाणी कधी दिलं होतं? उत्तर ठरलेलं, "पाळी अजून दोन दिवसांनी होती."

ती पाळी अलीकडे घ्या. बाकीचं सगळं त्यानंतर.

पाणीच का, हे समजायला जास्त दाबाचा खेळ समजला पाहिजे. हवेचा दाब वाढतो तिथे वरची हवा सावकाश खाली बसत असते. खाली येताना ती दबते आणि तापते, सायकलमध्ये हवा भरताना पंपाची नळी तापते तशी. हा हिशोब किलोमीटरमागे जवळपास १० अंशांचा. तापलेल्या हवेत ढग टिकत नाहीत, म्हणून आभाळ निवळतं. जमिनीलगत आली की ही हवा बाहेर पसरते. उत्तर गोलार्धात घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत, दक्षिण गोलार्धात उलटी. जास्त दाबाच्या या टापूच्या काठाकडे दाबातला फरक जास्त, तिथे वारं बोचतं. केंद्राजवळ फरकच थोडा, म्हणून पान हलत नाही. आधी काठ तुमच्यावरून जातो, मग केंद्र येऊन बसतं. घात होतो तो केंद्र बसल्यावर.

ढग नसल्यामुळे जमिनीची दिवसभराची ऊब सरळ आकाशात जाते. वारा नसल्यामुळे वरची उबदार हवा खालच्या गार हवेत मिसळत नाही. गार हवा जड, ती जमिनीला धरून राहते, उताराने सरकते आणि लवणात, म्हणजे खोलगट जागेत, किंवा दाट कुंपणाच्या वरच्या अंगाला साचते. एकाच शेतात वरच्या चार ओळी हिरव्या आणि खालच्या काळ्या दिसतात त्या यामुळेच.

हवामान केंद्रातलं तापमान जमिनीपासून दीडेक मीटरवर, पेटीच्या आडोशाला मोजतात. उघड्यावरचं पान अशा रात्री त्याहून ३-४ अंशांनी गार असू शकतं. किमान ३ अंश ऐकून "शून्य तर नाही ना" असं म्हणणाऱ्यांचंच रान पहिलं जातं. साधा तापमापक लवणातल्या वाफ्यात, पिकाच्या शेंड्याच्या उंचीवर उघडा टांगा आणि त्यावर विश्वास ठेवा.

आता माती. भुसभुशीत कोरड्या मातीत कणांमध्ये हवा भरलेली असते, दिवसाचं ऊन वरच्या थरातच राहतं आणि दिवस मावळला की निघून जातं. ओली, बसलेली माती तीच ऊब खोल घेते आणि रात्रभर हळूहळू सोडते. त्यासाठी वरची ३० सेंटीमीटर माती ओली हवी. चिखल नको, वाफसा हवा. पाणी एक-दोन दिवस आधी आणि सकाळीच द्या, म्हणजे मध्ये ऊन मिळतं. संध्याकाळी घाईने दिलेल्या पाण्याला ऊन मिळत नाही, शिवाय बाष्पीभवन ऊब खातं. तरी काहीच केलं नसेल तर पहाटे विहिरीचं कोमट पाणी सरीतून सोडा, काही नसण्यापेक्षा बरं.

दाब कसा बघायचा? समुद्रसपाटीला सरासरी १०१३ हेक्टापास्कल असतो, पण उंचीला दर १०० मीटरमागे ११-१२ने घटतो, म्हणून मोबाईलवरचा आकडा बघून घाबरू नका किंवा निर्धास्तही होऊ नका. आकडा चढतोय का, एवढंच बघा, आणि रोज त्याच वेळी बघा. दाब दिवसातून दोनदा आपोआप वरखाली होतो, सकाळी दहाच्या सुमाराला जास्त आणि दुपारी चारच्या सुमाराला कमी. (सायबेरियात अगाता इथे ३१ डिसेंबर १९६८ रोजी १०८३.८ नोंदला गेला होता. एवढा दाब आपल्या नशिबी नको.)

माझा अंदाज असा, वहीत कुठे लिहिलेला नाही: पाऊस किंवा ढग सरून दाब चढायला लागला, दोन दिवस वारं वाहिलं, आणि तिसऱ्या प्रहरी ते अचानक पडलं, तर ती रात्र जागायची. सांजेला चुलीचा धूर वर न जाता आडवा पसरला तर नक्कीच. आणि गवत रात्री दहापर्यंत कोरडंच लागलं तर जास्त भ्या. दंव पडताना थोडी ऊब सुटते आणि तापमानाची घसरण मंदावते. हवा कोरडी असली की तो आधार नाही.

धूर आडवा पसरत असताना तणनाशक मुळीच मारू नका. बारीक थेंब जमिनीलगतच्या त्याच गार हवेच्या थरात लोंबकळतात आणि भलत्याच शेतात उतरतात. २,४-डी असेल तर द्राक्ष, कापूस, टोमॅटो यांची पानं वाकडी झालीच. सूर्य वर येऊन हवा हलू लागली की मग फवारा.

इतर कामं:
- कोळपणी, वखरणी थांबवा
- ओळींमधलं तण आधीच काढा
- पाचटाचं आच्छादन ओळीतून बाजूला सारा
- रोपवाटिका संध्याकाळी झाका, सकाळी उघडा
- छाटणी, युरिया पुढे ढकला

दुकानात या दिवसांत "थंडीवरचं टॉनिक" हमखास पुढे येतं. बाटलीवर घटक नीट लिहिलेले नसतात, किंमत मात्र मोठी. फवारायचंच असेल तर कृषी विभागाच्या पत्रकांतल्या स्वस्त गोष्टी आहेत: थायोयुरिया ५०० पीपीएम, म्हणजे लिटरमागे अर्धा ग्रॅम, किंवा पाण्यात विरघळणारं गंधक लिटरमागे २ ग्रॅम. पण हे ओल्या जमिनीवरचा जोड आहे. कोरड्या रानात नुसत्या फवाऱ्याने पीक वाचलेलं मी पाहिलेलं नाही.

धुराबद्दलही गैरसमज फार. जमिनीतून निघणारी उष्णता धुराने फारशी अडत नाही. उपयोग होतो तो जाळाच्या उबेचा आणि त्याने हलणाऱ्या हवेचा. एक मोठा ढीग पेटवला तर ऊब सरळ वर जाते. बांधाने लहान लहान जाळ ठेवा.

तुषार सिंचन चालतं, पण अर्धवट नाही. पाणी गोठताना ऊब देतं, वाफ होताना त्याच्या सात-साडेसात पट ऊब ओढून घेतं. म्हणून तापमान शून्याच्या थोडं वर असतानाच सुरू करा आणि ऊन येऊन बर्फ वितळेपर्यंत बंद करू नका. पहाटे वीज जाणार असेल तर सुरूच करू नका.

एवढं करूनही फटका बसला तर सकाळी पानं उकडल्यासारखी काळपट-ओली दिसतील आणि दुपारपर्यंत काळी पडतील. त्याच दिवशी कात्री घेऊन निघू नका. फांदीवर नखाने साल खरवडा. आत हिरवं असेल तर ती जिवंत आहे. छाटणी नवी फूट दिसल्यावर, आणि तोवर पाणी बेताचंच.