चार्जर तापतोय? आधी सॉकेट बघा

गेल्या मे महिन्यात इलेक्ट्रिक गाडी चार्जिंगला लावून घरी आलो आणि तासाभरात वॉचमनचा फोन आला, "साहेब, खाली जळका वास येतोय." धावत पार्किंगमध्ये गेलो. चार्जर ठणठणीत होता. थ्री-पिन टॉपची, म्हणजे प्लगची, एक पिन मात्र तपकिरी पडलेली, भोवतीचं प्लास्टिक वितळायला लागलेलं. तेव्हापासून कुणी "चार्जर तापतोय" म्हणालं, की मी विचारतो, नेमकं काय तापतंय?

पण आधी चार्जिंग थांबवा, गाडीतून किंवा ॲपवरून. मग एमसीबी (लाइन तोडणारा सुरक्षा-स्विच) पाडा, प्लग शेवटी काढा. चालू लोडवर ओढला की ठिणगी उडते. धूर निघत असेल तर सॉकेटच्या जवळही जाऊ नका. मीटर रूममधून लाइन बंद करा, पाणी मारू नका, १०१ लावा.

लाइन बंद झाली की लगेच, गार व्हायच्या आत, हाताची मागची बाजू एकेका ठिकाणी टेकवा: सॉकेट, केबल, खोका (चार्जरचा डबा), गन (गाडीत लावायचं टोक). खोका कोमट लागणारच. जिथे हात टिकत नाही, तिथे घोळ.

बहुतेकदा तो सॉकेटमध्येच सापडतो. गीझर पंधरा मिनिटं चालतो. गाडी तशाच सॉकेटमधून सात-आठ तास सलग १४ अँपियर ओढते. त्यात स्क्रू सैल असला, किंवा आपल्या खाऱ्या हवेने पितळेवर हिरवट थर चढला, की अडथळा वाढतो. नुसता ०.१ ओहम वाढला तरी तिथे २० वॉट उष्णता तयार होते. म्हणजे छोटं सोल्डरिंग आयर्न रात्रभर सॉकेटमध्ये खुपसून ठेवल्यासारखं. डाग दिसला तर पॉलिश पेपरने घासत बसू नका. सॉकेट आणि पिन टॉप दोन्ही बदला, कारण जळकी पिन नवं सॉकेटही खाते. प्लग केबलसोबत साच्यात ओतलेला असेल तर तो कापू नका, कंपनीकडूनच बदलून घ्या.

वायर तापत असेल तर वायरमनला तिची जाडी विचारा. १६ अँपियरला तांब्याची ४ स्क्वेअर एमएम बरी, ३२ अँपियरच्या वॉलबॉक्सला, म्हणजे भिंतीवरच्या चार्जरला, किमान ६. मीटर रूमपासून पार्किंग लांब असेल तर त्याहून जाड. एमसीबी सारखा पडतो म्हणून मोठा बसवून घेणं हा शुद्ध वेडेपणा. मग एमसीबीऐवजी वायर जळते.

एक्स्टेंशन बोर्ड नकोच. केबलची गुंडाळी करून ठेवली असेल तर पूर्ण सोडा. जुलैत खोक्याला प्लास्टिकची पिशवी बांधणारे आमच्याकडेही आहेत. त्याने हवा कोंडते. वर छोटं छप्पर ठोका, दुपारचं ऊनही अडेल.

दुरुस्तीनंतर पहिलं चार्जिंग १० अँपियरवर लावा. १४ च्या मानाने उष्णता जवळजवळ निम्मी होते. अर्ध्या तासाने पुन्हा सगळं बंद करून हात टेकवा. तरीही चटका बसला तर जोडणी परत उघडायची. महिन्याभराने वायरमनकडून सगळे स्क्रू एकदा आवळून घ्या. तांबं दबतं आणि घट्ट केलेला स्क्रूही ढिला पडतो.