वाचता येईल असा कोड: वाद घालायचाच तर असा घाला

सांगलीतल्या छोट्या सॉफ्टवेअरवाल्यांकडं एक ठरलेलं असतं, पोरगं काम शिकतं आणि हिंजवडीला जातं, कोड मात्र इथंच राहतो. मग नवीन पोरगं तो उघडून म्हणतं हे सगळं परत लिहायला पाहिजे, आणि जुनं माणूस म्हणतं काय वाईट आहे, चालतंय की. दोघांचंही खरं असतं, म्हणून तर वाद मिटत नाही.

तर कोड वाचनीय आहे का, म्हणजे दुसऱ्याला वाचून कळतो का, हे तोंडानं ठरवूच नका. ज्यानं तो कोड लिहिला नाही त्याला एक खरा बदल करायला द्या आणि शेजारी गप्प बसा. तो कुठं अडतो, काय विचारतो, कुठली फाईल परत परत उघडतो हे लिहून घ्या. तेवढ्याच जागा सुधारायच्या.

बदल कसला द्यायचा? जीएसटीचा द्या, लै कामाचा आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून ठिबक संच 12 टक्क्यांवरून 5 वर आले, पीव्हीसी पाईप 18 वरच राहिली. समजा विश्रामबागेतल्या एखाद्या ठिबकच्या दुकानाचं बिलिंग आहे. कोडमध्ये 12 शोधा. एक 12 टॅक्सचा निघतो, एक डझनाचा, एक वर्षाच्या महिन्यांचा, आणि घाईत फाइंड-रिप्लेस मारलं की डझनात पाच नग. म्हणून प्रत्येक आकड्याला नाव द्यायचं, हे कुणीही सांगेल. पण नुसतं 'ठिबक_दर' नाव देऊन 5 लिहिलं तरी भागत नाही, कारण 10 सप्टेंबरला विकलेला माल गिऱ्हाइकानं ऑक्टोबरात परत आणला तर क्रेडिट नोट, म्हणजे परतीच्या मालाची वजावट चिठ्ठी, मूळ बिलाच्या दरानं, म्हणजे 12 नंच काढायची. त्यामुळं दराचा तक्ता वेगळा ठेवा, वस्तूप्रमाणं आणि 'कधीपासून लागू' या तारखेसकट, आणि दर काढणाऱ्या फंक्शनला (एकच काम करणारा कोडचा नाव दिलेला तुकडा) आजची नाही, मूळ बिलाची तारीख द्या.

कॉमेंटचं, म्हणजे कोडमध्ये माणसासाठी लिहिलेल्या टिपेचं, भांडणही इथंच मिटतं. चांगल्या कोडला कॉमेंट लागत नाही म्हणणारे असतात, पण वरच्या ठिकाणी आजची तारीख का नको हे कितीही चांगल्या नावातनं कळणार नाही, तिथं एक ओळ लिहा. 'इथं आय एकनं वाढवला' असल्या, कोडमध्ये दिसतंच तेच परत सांगणाऱ्या कॉमेंटा मात्र बिनधास्त उडवा.

नावं गिऱ्हाइकाच्या तोंडातली घ्या. मार्केट यार्डातनं फोन येतो 'पट्टी चुकलीय, हमाली दोनदा कापली' (पट्टी म्हणजे विकलेल्या मालाचा, खर्च कापून केलेला हिशेब), आणि कोडमध्ये 'सेटलमेंट' आणि 'लेबर चार्ज टू' असेल तर अर्धा तास शोधण्यातच जातो. पट्टीला पट्टीच म्हणा, फक्त रोमनमध्ये एक टी की दोन टी हे एकदा ठरवून टाका, नाहीतर सर्चमध्ये अर्धंच सापडतं.

हळदीची पट्टी आणि बेदाण्याची पट्टी सारखी दिसते म्हणून दोन्हीचं एक फंक्शन करायचा मोह होतो. माझ्या मते नको. पुढं एकाची वजावट बदलते, दुसऱ्याची नाही, आणि त्या एका फंक्शनला फ्लॅग, म्हणजे 'हळद असेल तर असं, बेदाणा असेल तर तसं' असले हो-नाही खटके, लागत जातात. सहा महिन्यांनी ते कुणालाच वाचता येत नाही. दोघांचे नियम कायम एकत्रच बदलतात असं दिसलं तरच जोडा.

टॅब की स्पेस, ओळ किती लांब, यावर चहासुद्धा घालवू नका. कोडची मांडणी आपोआप लावणारी टूल्स असतात, पायथॉनला ब्लॅक, जावास्क्रिप्टला प्रेटियर लावा, ते म्हणतील ते. फंक्शन वीस ओळींचंच पाहिजे असलंही काही नाही, वरनं खाली सरळ वाचता येत असेल तर साठ ओळीसुद्धा चालतात.

आणि सगळं परत लिहायचंच म्हणणाऱ्याला नाही म्हणू नका, फक्त आधी जुनी खरी बिलं काढायला सांगा, त्यात परतीचा माल, सूट, राउंड ऑफ असलेली नक्की घ्यायची. एका वेळी एकच भाग बदलायचा, तीच बिलं परत काढायची, आणि पैशापर्यंत जुळलं तरच मर्ज करायचं, म्हणजे मुख्य कोडात मिसळायचं.