सावर बिअरचं बूच, बिल्ला आणि मुंबईचा मे महिना

गेल्या मे महिन्यात मित्राने ब्रसेल्सहून आणलेली गूझची (बेल्जियमची आंबट म्हणजे सावर बिअर) बाटली मी दादरच्या घरी किचनमध्ये उघडली, म्हणजे मी फक्त बुचावरची तार सैल केली, बाकीचं बाटलीनेच उरकलं, बूच ट्यूबलाइटवर आपटलं आणि अर्धी बिअर ओट्यावर. आई धावत आली, वास घेऊन म्हणाली, "अरे नासलंय हे, फेकून दे." म्हटलं अगं, ही अशीच असते. पण चूक माझीच होती. आठ दिवस ती बाटली फ्रिजवर उभी होती. फ्रिजमध्ये नाही, फ्रिजवर, जिथे मागून गरम हवा येते तिथे.

तर ज्यांच्याकडे अशी एखादी बाटली येते त्यांच्यासाठी लिहितोय.

पहिलं म्हणजे गूझसारखी सावर बिअर बाटलीतही जिवंत असते. गूझ म्हणजे एक, दोन आणि तीन वर्षं मुरलेल्या लॅम्बिकचं (हवेतल्या यीस्टने आपोआप आंबणाऱ्या बेल्जियन बिअरचं) मिश्रण, ते बाटलीत पुन्हा आंबतं आणि गॅस तिथेच तयार होतो. एलसारख्या साध्या बिअरमध्ये गॅस साधारण अडीच व्हॉल्यूम (म्हणजे बिअरच्या अडीचपट गॅस), गूझमध्ये तीन-चारपर्यंत सहज जातो. आणि तेवढाच गॅस, फ्रिजमध्ये 4 डिग्रीला जेवढा दाब देतो त्याच्या जवळपास तिप्पट दाब 30 डिग्रीला देतो. आपल्याकडे 30 डिग्री म्हणजे घरातलं नेहमीचंच तापमान, म्हणून बाहेरचे लोक "थंड तळघरात ठेवा" म्हणतात ते आपल्याला लागू नाही, आपलं तळघर म्हणजे फ्रिजचा भाजीचा कप्पा. तापलेली बिअर काय करते ते बघायचं तर बेल्जियममधल्या ड्री फाँटेनेन या ब्रुअरीचं 2009 साली झालं ते बघा, गोदामाचा थर्मोस्टॅट बिघडला, बिअर तापली, हजारो बाटल्या वाया गेल्या आणि शेवटी त्यातल्या बिअरपासून दारू गाळावी लागली.

आता बुचाचं. झाकणाची कामं दोनच, आतला गॅस धरणं आणि बाहेरची हवा अडवणं. गोटी सोडा आठवतो ना, त्यात गॅसच गोटीला वर दाबून धरतो, हायरम कॉडचं 1872 चं पेटंट, काय डोकं आहे! पण गॅस कोंडला म्हणजे हवा कायमची अडली असं नाही, आणि सावरला खरा धोका हवेचा. लोणच्यावर आई चार बोटं तेल उभं ठेवते ते कशासाठी, तसंच हे. हवा आत गेली की अॅसिटोबॅक्टर नावाचे जिवाणू अल्कोहोलचा व्हिनेगर करायला लागतात. थोडी हवा ब्रेटॅनोमायसिस (थोडक्यात ब्रेट) नावाचं यीस्ट पचवतं, जास्त झाली की त्याच्याही हाताबाहेर जातं.

पत्र्याचा बिल्ला (लहानपणी आपण जमवायचो तोच) हा विल्यम पेंटरचा शोध, 1892 चा. तेव्हा आत बुचाची चकती असायची, आता प्लॅस्टिकचा पातळ थर असतो आणि हवा त्यातूनच हळूहळू शिरते, वर्षानुवर्षं. काही बिल्ल्यांच्या थरात ऑक्सिजन शोषणारा पदार्थ असतो, बिअर जास्त दिवस ठेवायची असेल तर त्याचा फायदा. मुंबईत मात्र वेगळंच दुखणं, गंज. पावसाळाभर बाहेर राहिलेल्या बाटलीच्या काचेवर बिल्ल्याखाली तपकिरी कडं दिसतं, ते ओल्या फडक्याने नीट पुसल्याशिवाय ओतू नका, नाहीतर पहिला घोट लोखंडाचा.

बूच-तारेची बाटली मला जास्त आवडते, जास्त दाबासाठी काचही जाड असते. पण बूच लहरी. टीसीए नावाचं रसायन बुचात असलं तर बिअरला ओल्या गोणपाटाचा वास येतो, तिथे काही इलाज नाही. ब्रसेल्सच्या कांतियाँ ब्रुअरीच्या मोठ्या बाटलीवर वर बिल्ला आणि आत बूच असं दोन्ही सापडतं, तेव्हा ओपनरसोबत बूच काढायचा स्क्रूही हाताशी ठेवा, नाहीतर पाहुण्यांसमोर चाकू घेऊन बसाल. वर्षांसाठी ठेवायच्या बुचाच्या बाटल्या आडव्या ठेवतात, बिल्लेवाल्या उभ्या.

उघडायच्या आधी निदान दोन दिवस बाटली फ्रिजमध्ये उभी, म्हणजे गाळ तळाशी बसतो. मग सिंकवर न्या, सवयीने ओट्यावर नको. अंगठा बुचावर दाबून तार सैल करा पण काढू नका, बूच घट्ट धरून बाटली फिरवा, बूच नाही. फुस्स झालं की जिंकलात, ठो झालं की फडकं आणा. बिल्ला असेल तर जरासा उचला, गॅस जाऊ द्या, फेस वर चढला तर दाबून धरा, पुन्हा उचला. ओतताना एका दमात ओता, बाटली परत परत सरळ केली की गाळ ढवळतो.

चव बिघडली असेल तर दोष कोणाचा ते असं ओळखा. नाकाला झोंबणारा व्हिनेगर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर म्हणजे हवा गेलीये. गिळल्यावर काही सेकंदांनी घशात उंदराच्या पिंजऱ्यासारखी, शिळ्या टोस्टसारखी चव आली तर ती बाटलीत भरताना शिरलेल्या हवेची करामत, पण त्याच लॉटची दुसरी बाटली असेल तर फेकू नका, काही महिने विसरा, बरेचदा ब्रेट ती चव घालवतं. बिअर साफ सपाट, म्हणजे गॅसच नसलेली निघाली तर बहुतेक बिल्ला नीट चेपला गेलेला नाही. आणि हिरव्या किंवा पांढऱ्या काचेतली बाटली दुकानाच्या उन्हातल्या शोकेसमधून घेऊ नका, मी घेतली होती, हॉप्सना (बिअरला कडूपणा देणारी फुलं) ऊन लागून त्यातून असला उग्र वास आला की आईचं "फेकून दे" त्या दिवशी ऐकलं.

कुणी बिअर बाटलीत भरायच्या बाजूला असाल तर (परवान्याचं आधी बघा) दोनच सांगतो. एक, लिटरला 4 ग्रॅम साखर म्हणजे साधारण एक व्हॉल्यूम गॅस, पण ब्रेट असेल तर आधीच उरलेल्या साखरेचाही हिशोब धरा, ग्रॅव्हिटी (बिअरची घनता, 1.010 वरून 1.008 म्हणजे दोन पॉइंट) दोन पॉइंट जरी उतरली तरी आणखी एक व्हॉल्यूम वाढतो, म्हणून काही आठवडे आकडा जागचा हलत नाही तोवर भरूच नका, आणि साध्या पातळ बिअरच्या बाटलीत तीनच्या वर जाऊ नका. दोन, शॅम्पेनच्या जाड बाटल्या जमवल्यात तर तोंड मोजा, बऱ्याच 29 मिलिमीटरच्या असतात आणि नेहमीचा 26 चा बिल्ला त्यावर बसतच नाही, हे मला शंभर बिल्ले घेतल्यावर कळलं, ते अजून डब्यात पडलेत.