बांधकामाच्या करारात पैसे कोणी, कोणाला आणि केव्हा द्यायचे

बांधकामात मालकाचा करार मुख्य ठेकेदाराशी असतो आणि मुख्य ठेकेदाराचा पोटठेकेदाराशी. मालक आणि पोटठेकेदार यांच्यात सहसा करार नसतोच. त्यामुळे सेंटरिंग (काँक्रीट ओतण्यासाठीचा साचा व टेकू) किंवा प्लास्टर करणाऱ्याचे बिल थकले, तर त्याने ते मुख्य ठेकेदाराकडेच मागायचे असते, मालकाकडे नाही. मालकाने थेट पैसे द्यावेत असे ठरत असेल, तर काम सुरू होण्यापूर्वीच तिघांच्या सह्यांचा करार करावा आणि दिलेली रक्कम मुख्य ठेकेदाराच्या बिलातून वजा होईल, असे त्यात लिहावे. साइटवरच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

मजुरीची गोष्ट वेगळी आहे. कायदा लागू असलेल्या आस्थापनेत ठेकेदाराने मजुरी बुडवल्यास ती मुख्य नियोक्त्याने, म्हणजे ज्याने ठेकेदाराला काम दिले त्याने, द्यावी आणि ठेकेदाराकडून वसूल करावी, असे १९७० चा कंत्राटी कामगार कायदा सांगत होता आणि आताच्या कामगार संहितेतही ती जबाबदारी कायम आहे. म्हणून चालू बिल मंजूर करण्यापूर्वी मालकाने मागील महिन्याचे मजुरीपत्रक अवश्य पाहावे.

बहुतेक तंटे मात्र मोजमापातून निर्माण होतात. प्लास्टरचेच पाहा. बांधकामाचे मोजमाप कसे घ्यावे हे सांगणाऱ्या भारतीय मानक १२०० प्रमाणे अर्धा चौरस मीटरपर्यंतच्या झरोक्यांची प्लास्टरच्या क्षेत्रफळातून वजावट होत नाही. त्याहून मोठ्या, पण तीन चौरस मीटरपर्यंतच्या खिडकीची वजावट, दोन्ही बाजूंना सारखेच प्लास्टर असल्यास, एकाच बाजूची होते. ठेकेदाराने दोन्ही बाजूंची वजावट धरली आणि पोटठेकेदाराने एकीचीही धरली नाही, तर दोघांच्या बिलांत प्रत्येक खिडकीमागे फरक पडत जातो. मोजण्याची पद्धत वर्क ऑर्डरमध्ये आधीच लिहावी, संयुक्त मोजमाप घेऊन मोजमाप पुस्तिकेवर त्याच दिवशी दोघांनी सही करावी आणि जादा कामाचा दर काम करण्यापूर्वी लेखी घ्यावा.

‘मालकाकडून पैसे आल्यावर देऊ’ हे कलम पोटठेकेदाराने जसेच्या तसे स्वीकारू नये, असे माझे ठाम मत आहे. मालक आणि मुख्य ठेकेदार यांच्यातील वादाशी ज्याचा काहीही संबंध नाही, त्याने आपल्या मजुरांना किती काळ थांबवायचे? पैसे आले अथवा न आले, तरी मोजमाप मान्य झाल्यापासून ठरावीक दिवसांत बिल द्यावे लागेल, अशी बाह्य मर्यादा त्याच कलमात घालून घ्यावी. प्रत्येक बिलातून राखून ठेवलेली रक्कम पोटठेकेदाराचे काम संपल्यापासून किती महिन्यांनी परत मिळणार, हेही लिहून घ्यावे. अन्यथा पाया भरणाऱ्याला संपूर्ण इमारतीचा दोषदायित्व कालावधी (काम संपल्यावर निघालेले दोष ठेकेदाराने दुरुस्त करून देण्याची मुदत) संपेपर्यंत थांबावे लागते.

सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यात जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे चुकते करण्याचे आणि विलंबास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज देण्याचे बंधन आहे. तथापि मजुरी आणि साहित्य एकत्र असलेल्या कामांना तो लागू नाही, असे निर्णय न्यायालयांनी दिलेले असल्याने केवळ त्याच्या भरवशावर राहू नये.

देण्याची तारीख ठरलेली नसेल, तर थकीत बिलाच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत काम पूर्ण झाल्यापासून मोजली जाते. या मुदतीतच देणेकऱ्याने सही करून बाकी लेखी मान्य केली, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने सुरू होते; म्हणून दर मार्चअखेर हिशेबाच्या उताऱ्यावर अशी सही घेऊन ठेवावी.